नऊ जूनचा वास

आमच्या सांगलीत नव्या माणसाला चार प्रश्न विचारल्याशिवाय चहा मिळत नाही. गाव कुठलं, आडनाव काय, ऊस किती आणि तुम्ही कुणाचे कोण? क्वाबेना ओफोरीने चारही उत्तरं सरळ दिली होती. गाव आबुरी, देश घाना. आडनाव ओफोरी. ऊस नाही, पण चुलत्याची कोकोची बाग आहे. आणि कडेगाव तालुक्यातल्या भाऊसोंचा जावई. चौथं उत्तर ऐकल्यावर चहा आला, आलं घातलेला.

मी अनंत. विश्रामबागेच्या पुढे भाऊसोंचं दुमजली संकुल आहे. उसाचा पैसा सांगलीत आला की त्याचे गाळे होतात, तसलं. त्यातल्या तीन नंबरच्या गाळ्यात माझं झेरॉक्सचं आणि अर्ज लिहून द्यायचं दुकान आहे. चार नंबरला क्वाबेना. त्याचं दुकान राहणार की उठणार, हे ज्या कागदावर ठरायचं होतं तो कागद मी टाइप केला होता. त्यामुळे ही हकीकत सांगायचा अधिकार माझ्याइतका कुणाला नाही. शरम मला जरा उशिरा येते, असं माझी बायको शरयू लग्नापासून सांगत आली आहे. बाईचं म्हणणं सहसा चुकत नाही.

आधी जावयाचं सांगतो. क्वाबेना अकरा वर्षांपूर्वी इकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकायला आला. वर्गात भाऊसोंची लेक संयोगिता होती. पुढचं काय झालं ते तुम्हांला कळलंच. भाऊसोंचा ऊस चाळीस एकर, घरातल्या तीन पिढ्या फौजेत, आणि लेकीने पसंत केला हा. सहा महिने त्यांनी लेकीचं नाव घेतलं नाही. मग भावकीतले गुंडा सुभेदार मदतीला धावले. सुभेदार शांतिसेनेतून काँगोला जाऊन आलेले, त्यामुळे आफ्रिका या विषयावर तालुक्यात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी बैठकीत सांगून टाकलं, "भाऊसो, तिकडची माणसं लय सरळ. आपल्यापरास बरी." काँगोपासून घाना किती लांब, हे कुणी विचारलं नाही. लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी सुभेदार काँगोत शिकलेल्या भाषेत नवरदेवाशी तासभर बोलत बसले, आणि त्याला त्यातलं एक अक्षर कळेना. जाताना सुभेदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय अनंतराव. पर अस्सल आफ्रिकन न्हाई."

सासूबाईंची, म्हणजे रंगूबाईंची, अडचण वेगळी होती. क्वाबेनाच्या लोकांत मूल ज्या वारी जन्मतं त्यावरून त्याचं एक नाव पडतं. क्वाबेना म्हणजे मंगळवारी झालेला मुलगा. हे ऐकल्यावर रंगूबाईंनी थेट विचारलं, "म्हंजी मंगळ हाय व्हय?" पत्रिका मागितली तर त्याने पासपोर्ट दाखवला. शेवटी त्यांनीच तोड काढली आणि त्याचं नाव मंगेश ठेवलं. आता निम्मा तालुका त्याला मंगेशराव म्हणतो. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात; भाऊसोंच्या मांडवात नवरदेवाचं बदललं. सुधारणा सुधारणा म्हणतात ती हीच असावी.

मराठी तो सासुरवाडीत शिकला, उसाच्या बांधावर आणि रंगूबाईंच्या चुलीपुढे. त्यामुळे तो "व्हय" म्हणतो, "न्हाई" म्हणतो, आणि मी पुस्तकी बोललो की गालात हसतो. पुण्याहून आलेली गिऱ्हाइकं आधी त्याच्याशी इंग्रजीत बोलतात, मग तो "बसा की, पाणी देऊ का?" म्हणतो आणि त्यांची वाचा बसते. दरवर्षी पोलीस कचेरीत त्याचे कागद द्यावे लागतात, ते मीच भरतो. 'भारतात येण्याचे कारण' या रकान्यात पहिली काही वर्षं 'शिक्षण' लिहिलं, पुढे 'विवाह'. कारखान्यातली नोकरी त्याने तीन वर्षं केली, मग संयोगिताच्या नावाने हे दुकान काढलं.

दुकानाचं नाव 'आबुरी'. त्या गावी ढोल कोरणारे कारागीर आहेत, त्याचा मामा त्यांतलाच एक. लाकडाचे कोरीव सांगाडे तिकडून यायचे, कातडं इथे चढायचं. सोबत मुखवटे, काचेच्या मण्यांच्या माळा, विणलेल्या टोपल्या, आणि एका अखंड लाकडातून कोरलेली बुटकी आसनं, आपल्या चौरंगाच्या नात्यातली. माल उत्तम. गिऱ्हाइकं मात्र आमची. एक बाई मुखवटा घेऊन गेल्या, नव्या बंगल्याला दृष्ट लागू नये म्हणून. क्वाबेनाने जीव तोडून सांगितलं की हा जत्रेतल्या सोंगाड्या म्हातारीचा चेहरा आहे, लोकांना हसवायला असतो. बाई म्हणाल्या, "असू दे, दिसतोय भयंकर." एका शाळेने त्याला गॅदरिंगला ढोल वाजवायला बोलावलं. हा कडक इस्त्रीचा शर्ट आणि कोट घालून गेला. हेडमास्तरांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "अहो, जरा ओरिजिनल या ना. पानं-बिनं लावून." क्वाबेना म्हणाला, "तुमी धोतर नेसून घोड्यावर या, मग मी पानं लावतो." गॅदरिंगचं बोलावणं पुन्हा आलं नाही.

भाऊसोंचं मात्र नशीब फळफळलं. सहा महिने ज्या जावयाचं नाव काढत नव्हते, तो आता मिरवायच्या कामाचा झाला. उद्घाटनाला त्यांनी दोन माजी सरपंच आणि एक साखर कारखान्याचा संचालक आणला. क्वाबेनाने सासऱ्यांना दुकानाच्या मधोमध एका कोरीव आसनावर बसवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आमच्याकडं ज्याला मान द्यायचा त्याला त्याचं आसन देत्यात. त्याच्यावर मग दुसऱ्यानं बसायचं न्हाई." टाळ्या पडल्या. भाऊसोंनी ते आसन बंगल्यावर नेलं आणि काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुण्यांना ते सांगतात, घानाच्या राजघराण्यातून आलंय. मी त्याचं बिल पाहिलंय, पण मोठ्या माणसाच्या कपाटाला हात लावू नये.

आता कातड्याचं. ढोलाला बोकडाचं कातडं लागतं. कच्चं कातडं भिजवायचं, ताणायचं, केस खरवडून काढायचे. हे सगळं क्वाबेना दोन वर्षं स्वतःच्या हाताने करत होता, दुकानाच्या पाठच्या फरशीवर, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून. आम्ही काय करत होतो? फोटो काढत होतो. वर्तमानपत्रात अर्ध्या पानाचा मजकूर आला: परदेशी कलावंताची साधना. भाऊसोंनी तो माझ्याकडून लॅमिनेट करून घेतला, तीन प्रती. चार गाळे सोडून असलेल्या ब्युटी पार्लरच्या दीपमालाताई तर आपल्या बायकांना मुद्दाम मागे नेऊन दाखवायच्या, "बघा, किती डेडिकेशन." वास यायचा. कच्च्या कातड्याचा वास येणारच. पण तो कलेचा वास होता, आणि कलेच्या वासाला आम्ही सुशिक्षित माणसं नाक मुरडत नाही.

मग आकाराम आला.

एका नगरसेवकाच्या वाढदिवसाची मिरवणूक आमच्या रस्त्यावरून चालली होती. डीजेला परवानगी नव्हती, म्हणून हलगी होती. क्वाबेना दारात उभा होता. हलगी ऐकली आणि हा बाबा दुकान उघडं टाकून मिरवणुकीच्या मागे चालता झाला. दीड तास दुकानावर लक्ष मी ठेवलं. परत आला तो घामाघूम, डोळे लहान मुलासारखे झालेले. "अनंतराव, तो म्हातारा बघितला का? माज्या लग्नातबी हुता म्हनं, पर तवा बँडच्या दंग्यात ऐकूच आला न्हाई. एवढासा चामड्याचा गोल, एक जाड काडी आनि एक बारीक, आनि चार मानसांचं काम एकटा करतोय! तापवायला जाळ कसा करतोय बघितलं का? माझा मामाबी असाच तापवतो." मी म्हणालो, "हो, छान वाजवतात ती माणसं."

'ती माणसं' कोण, हे सांगायला आम्हाला जातीचं नाव घ्यावं लागत नाही. आम्ही पुढारलेले आहोत. 'ओढ्यापलीकडची वस्ती' म्हटलं की ज्याला कळायचं त्याला कळतं. क्वाबेनाला कळलं नाही. तो दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून गेला, आकारामच्या दारात बसला, आणि मला हलगी शिकवा म्हणाला. आकाराम साठीचा, बारीक, मोजकं बोलणारा माणूस. वाजवणं बापाकडून आलेलं, हलगी मढवणंही. आयुष्यभर लोकांच्या वराती पुढे नेल्या, आणि जेवायची वेळ झाली की मांडवाबाहेर थांबला. त्याला कुणी 'शिकवा' म्हणालं नव्हतं, त्याच्या पोरानेसुद्धा नाही. पोरगा पुण्यात कुरिअरचं काम करतो.

मे महिन्यात आकाराम दुकानावर यायला लागला. ढोलाला कातडं चढवायचं क्वाबेनाला येत होतं, पण म्हाताऱ्याचा हात असा की कातडं बोलतं व्हायचं. तो पायरीवर बसायचा, बाहेर. काम पायरीवर, डबा पायरीवर. चहावाला बाकीच्यांना काचेचे ग्लास द्यायचा, आकारामला कागदी कप. कागदी कप आल्यापासून आमची केवढी सोय झाली आहे! पूर्वी फुटका कप वेगळा ठेवावा लागे, ते दिसायला वाईट दिसे. महिनाभर म्हातारा पायरीवर कातडी खरवडत होता. वासाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

नऊ जूनला क्वाबेना माझ्याकडे एक पाटी छापायला आला. 'वस्ताद आकाराम: हलगी व ढोल.' मी छापली, लॅमिनेट केली. मग त्याने काय केलं, तर आबुरीहून आलेल्या मालातलं दुसरं कोरीव आसन काढलं. भाऊसोंच्या कपाटातल्या आसनाचं जुळं भावंडच. ते दुकानात, पंख्याखाली, रस्त्याकडे तोंड करून ठेवलं, आणि आकारामला त्यावर बसवलं. म्हातारा तीनदा नको म्हणाला. "आवं मंगेशराव, पायरी बरी हाय की." क्वाबेनाने ऐकलं नाही. मग आकाराम बसला, अगदी कडेला, उठायच्या तयारीत असल्यासारखा. समोरच्या रांगेत ढोलांच्या शेजारी चार हलग्या टांगल्या. खाली किंमत, वर पाटी.

दहा जूनला वास यायला लागला.

पहिल्यांदा तो दीपमालाताईंना आला. त्यांच्या पार्लरमधून केस सरळ करायच्या औषधाचा जो भपकारा येतो त्याने माझ्या झेरॉक्स मशीनला खोकला येतो, पण त्यातूनही त्यांना वास आला. मग तो आप्पासोंना आला. आप्पासोंचं चिकन सेंटर आहे, सहा नंबरला. दिवसभर कोंबड्या सोलणाऱ्या माणसाचं नाक इतकं तरल असेल असं मला वाटलं नव्हतं. संकुलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाक धरलेली चित्रं पडली. तीन दिवसांत भाऊसो कडेगावहून गाडी घेऊन आले. गाडीतूनच त्यांनी चार नंबरकडे पाहिलं. आकाराम आसनावर बसून कातडं ताणत होता. भाऊसोंनी काच वर केली. मग माझ्या दुकानात येऊन बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "लय वास येतोय बगा अनंतराव. भाडेकरूंचा एक अर्ज करा. सगळ्यांच्या सह्या घ्या. म्हंजी मला बोलाया बरं. जावई हाय, तोंडावर कसं सांगू?"

वास मला येत होता का? खरं सांगतो, मला सर्दी होती. पण गाळा भाऊसोंचा आहे, आणि माझा भाडेकरार डिसेंबरात संपतो. मी अर्ज केला. अर्ज करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. विषय, संदर्भ, महोदय, सगळं जिथल्या तिथे. आणि माझा एक नियम आहे: तक्रारीला तारीख हवी. 'बऱ्याच दिवसांपासून' लिहिलेला अर्ज साहेब बाजूला टाकतात. मी संगणकात पाहिलं, पाटी छापल्याची तारीख सापडली, आणि लिहिलं: 'गाळा क्र. ४ मधून दिनांक ९ जूनपासून असह्य दुर्गंधी येत असून, सबब सदर गाळ्यातील कातडीकाम तात्काळ बंद करावे अथवा गाळा रिकामा करून घ्यावा.' सहा जणांनी सह्या केल्या. तिसरी माझी. वाचला कुणीच नाही, भाऊसोंनीही नाही.

रविवारी दुपारी पार्किंगमध्ये बैठक झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. क्वाबेना आणि संयोगिता समोर बसले. आकाराम एका स्कूटरला टेकून उभा होता. खुर्च्या होत्या, पण त्याला कुणी बस म्हणालं नाही, आणि क्वाबेनाने हाक मारली तेव्हा तो "असू दे" म्हणाला. भाऊसोंनी घसा साफ केला. बोलणं त्यांनी गोडच केलं. "जावईबापू, तुमच्याबद्दल कुनाची तक्रार न्हाई. तुमी सोनं हाय. दुकान राहील, मी हाय की. एवढंच करा, आकारामला काम त्याच्या घरी द्या. तयार माल तुमी आना. पाटी काढा. त्यो बी खूश, हे बी खूश." सगळ्यांनी माना हलवल्या. किती समंजस तोडगा! कुणाच्या पोटावर मारायचं नाही, फक्त एका म्हाताऱ्याने पंख्याखाली बसायचं नाही.

क्वाबेना म्हणाला, "अर्ज बघू द्या की."

देवनागरी तो वाचतो. बोट ठेवून, शब्द शब्द, मोठ्याने वाचतो. माझ्या अर्जातली 'सबब' आणि 'सदर' त्याच्या तोंडून इतकी वाईट ऐकू आली की मला पहिल्यांदाच ते शब्द नकोसे झाले. तारखेवर येऊन तो थांबला. परत वाचली. मग सासऱ्यांना विचारलं, "आबा, कातडं माज्या दुकानात दोन वर्सं झाली येतंय. आकारामवस्ताद मे म्हयन्यात आले, पायरीवर बसले. मग नऊ जूनला नवीन काय आलं?"

दीपमालाताई मोबाईल बघू लागल्या. आप्पासोंनी विनाकारण हात पुसले. मला वाटतं प्रत्येकाने मनातल्या मनात नऊ जून आठवला आणि प्रत्येकाला तिथे एकच गोष्ट दिसली: एक म्हातारा, आसनावर.

भाऊसो माझ्याकडे वळले. त्यांचा राग माझ्यावर निघाला, आणि तोही चुकीचं लिहिलं म्हणून नव्हे. "अनंतराव, तारीख कशाला घातली?"

"अर्जाला लागते, भाऊसो."

"खोडा ती."

माझ्या खिशात व्हाइटनर असतो. धंदाच तसला. मी तो काढला आणि सगळ्यांदेखत तारखेवर फिरवला. तो वाळेपर्यंत आम्ही खुर्च्यांवरची नऊ माणसं त्या कागदाकडे बघत होतो. वाळल्यावर मी पेन उघडून विचारलं, "काय लिहू?"

आता पंचाईत झाली. दोन वर्षांपासून लिहावं, तर वास जावयाचा ठरतो, आणि जावयाच्या त्याच कामाचा फोटो भाऊसोंच्या हॉलमध्ये लागलेला. मे महिन्यापासून लिहावं, तर महिनाभर आमची नाकं काय करत होती? जून लिहावं, तर आत्ताच खोडलं. भाऊसोंनी कपाळावरचा घाम पुसला. "रिकामं ठेवा," ते म्हणाले. चाळीस वर्षं सोसायटीच्या राजकारणात काढलेला माणूस, पण एवढ्याशा जागेत त्यांना काही सुचेना.

क्वाबेना चिडेल असं मला वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं, परदेशी माणूस डोकं फिरवून बोलला असं आम्ही म्हणालो असतो. तो शांत होता, आणि दमलेला दिसत होता. "आमच्याकडंबी हाय हे, आबा. आमच्या आजीच्या गावात काई घरं हायती, त्यांच्या पोरींशी कुनी लगीन करत न्हाई. का, तर त्यांचे पणजे कुनाचे तरी गुलाम हुते. कुनी बोलत न्हाई, समद्यांना ठावं असतंय. मला वाटलं, हितं मी परका, मला ह्यातनं सुट्टी मिळंल." मग तो आकारामकडे पाहून म्हणाला, "वस्तादांना मी आसन दिलंय. आमच्यात ते परत घेत न्हाईत."

आकाराम पुढे आला. "मंगेशराव, माझ्यापायी दुकान नका घालवू. मी पायरीवर बसतो की. मला सवय हाय."

"मला न्हाई," क्वाबेना म्हणाला.

संयोगिता उठली, आणि बापासमोर उभी राहिली. "आबा, करार माझ्या नावावर आहे. तीस तारखेला किल्ली देते. आकाराममामांची हलगी माझ्या लग्नात वाजली होती, तुम्ही त्यांना मांडवाबाहेर वाढलंत. मी नवरी होते, मला दिसलं होतं. तेव्हा बोलले नाही, त्याची मला लाज वाटते." भाऊसो म्हणाले, "आगं, तुला जा म्हनतंय कोन?" आणि ते अगदी मनापासून म्हणाले, हे मी शपथेवर सांगेन. लेक जावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. सगळं होतं तसंच राहावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सोमवारी सकाळी क्वाबेना माझ्या दुकानात आला. गाळा सोडण्याचा अर्ज करायचा होता. ओढ्यापलीकडे आकारामच्या घराशेजारी पत्र्याची एक मोठी शेड मिळाली होती, रस्त्यापासून आत. गिऱ्हाईक तिथवर जाईल का, देव जाणे. मी नेहमीसारखा विषय लिहिला, महोदय लिहिलं, आणि विचारलं, "कारण काय घालू?"

"वास येतोय, म्हनून लिवा."

मी वर पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. माझ्या तोंडून सवयीने पुढचा प्रश्न निघून गेला, "कधीपासून?"

त्याने जरा विचार केला. "आलो तवापासनं. सवय हुईल असं वाटलं हुतं."

मी टाइप केलं. 'अकरा वर्षांपासून' असं लिहिलं. प्रिंट काढली. त्याने सही केली, संयोगिताची आधीच घेतलेली होती. खाली साक्षीदाराचा रकाना होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "वस्ताद करतील सही." आकाराम बाहेर उभा होता, माझ्या दुकानाच्या खिडकीपाशी, हातात सामानाची पिशवी घेऊन. सातवी शिकलेला आहे, सही वळणदार करतो, हे मला नंतर दिसलं.

मी कागद पॅडला लावला, वर पेन ठेवलं, आणि हात लांब करून पॅड खिडकीतून बाहेर दिलं.

आकारामने पॅड घेतलं, छातीशी धरून उभ्यानेच सही केली, आणि तसंच खिडकीतून परत केलं. मी ते घेतलं तेव्हा क्वाबेना माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या आहेत, तो त्यांच्याकडे बघत होता. तिन्ही रिकाम्या होत्या.